‘चालेल ना?’

पहिल्या समुपदेशक मॅडमकडे मी सात सेशन गेले आणि सातही वेळा त्यांच्याशी खोटं बोलले. माझं एका बाईवर प्रेम आहे, आम्ही नऊ वर्षं एकत्र राहतोय, एवढंच सांगायचं होतं, पण ते सांगता आलं नाही. मराठीत ही गोष्ट लपवणं फार अवघड. ‘आली’ म्हटलं की कळतं, ‘आला’ म्हटलं की खोटं होतं. क्रियापदच चुगली करतं. मग मी आदरार्थी बहुवचन धरलं. जोडीदार रागावले, जोडीदार उशिरा आले, जोडीदारांना गर्दी सहन होत नाही. प्रत्येक वाक्य तोंडातून निघायच्या आधी दोनदा तपासून घ्यायचं. पन्नास मिनिटांनी बाहेर पडताना डोकं इतकं शिणलेलं असायचं, की घरी येऊन मी अंधार करून पडून राहायचे.

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. आवाज प्रेमळ होता, वेळ पाळायच्या. पण त्यांच्या फॉर्मवर विवाहित आणि अविवाहित अशा दोनच चौकटी होत्या. मी ‘विवाहित’वर खूण केली, कारण ‘अविवाहित’ हेही खोटंच झालं असतं. ती खूण बघून त्यांनी विचारलं, “मिस्टर काय करतात?” तिथून पुढे परतीची वाट बंद झाली. समलैंगिकता हा आजार नाही, हे त्यांना नक्कीच ठाऊक असणार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. पण यादीतून नाव काढणं वेगळं आणि समोर बसलेल्या बाईला जोडीदारीण असू शकते हे गृहीत धरणं वेगळं.

आणखी एक गोष्ट होती. आमच्या खुर्च्या समोरासमोर होत्या. मी खिडकीकडे बघत बोलायला लागले की त्या हळूच म्हणायच्या, “माझ्याकडे बघून बोला, मोकळं वाटेल.” मी बघायचे. श्वासाचा व्यायाम दिला की करायचे. “बरं वाटलं ना?” विचारलं की “हो” म्हणायचे. दोनदा मी सेशनचा दिवसच विसरले, तर त्यांनी त्याला ‘टाळाटाळ’ म्हटलं; कदाचित मनाच्या आतून तुम्हाला बदल नको असेल, म्हणाल्या. मी तेही मान्य केलं. आठव्या वेळी गेले नाही. ‘आता बरीच सुधारणा आहे, आभारी आहे’ असा मेसेज पाठवला.

हे ‘हो’ कुठून आलं ते सांगायला हवं.

मी सोळा वर्षांची असताना माझ्या वहीत घडी करून ठेवलेलं एक पत्र घरात सापडलं. एका मुलीला लिहिलेलं, कधीच न दिलेलं. घरातल्या मोठ्यांनी मला एका खुर्चीत बसवलं आणि समोर दुसरी खुर्ची घेतली. जवळजवळ तीन तास एकच प्रश्न. “कुणाला लिहिलंयस? वर बघ. माझ्याकडे बघून सांग.” मला कुणाच्या डोळ्यांत बघितलं की ऐकूच येत नाही, म्हणजे आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मी गप्प बसले तर तो उद्धटपणा ठरला, हाताची बोटं एकमेकांत पिळत बसले तर तो नाटकीपणा. शेवटी मी वर बघितलं आणि म्हणाले, “चूक झाली. तुम्ही म्हणाल ते चालेल.” नाव मात्र सांगितलं नाही. पण ‘चालेल’ म्हटलं की माणसं उठून जातात, हे त्या दिवशी कळलं आणि ते माझ्या अंगात बसलं.

पस्तिसाव्या वर्षी मला ऑटिझम (माणसांशी संवाद आणि संवेदना वेगळ्या तऱ्हेने अनुभवणारी मेंदूची घडण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, गोष्टी लक्षात ठेवणं जड जाणारी घडण) दोन्ही असल्याचं निदान झालं. इतका उशीर का, असं लोक विचारतात. मी लहान होते तेव्हा अमेरिकन निदानपुस्तिकेनुसार ही दोन्ही निदानं एका माणसाला एकत्र देताच येत नसत. ती मुभा २०१३ मध्ये आली. शिवाय ज्या मुली वर्गात शांत बसतात, इतरांचं बघून हसायला शिकतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. याला मास्किंग म्हणतात. त्या शब्दावर मी बराच वेळ थांबले, कारण दोन मुखवटे मी एकाच चेहऱ्यावर वागवत होते. एक समलिंगी असणं झाकणारा, दुसरा मेंदूची वेगळी घडण झाकणारा. दोन्ही उतरवायचे तर त्यासाठी खोलीही एकच हवी होती.

दुसऱ्या समुपदेशक शोधल्या तेव्हा मी थेट अपॉइंटमेंट घेतली नाही. आधी ईमेल लिहिली. ज्यांना फोनवर बोलणं जड जातं त्यांना मी हेच सुचवते. मी विचारलं होतं, की तुम्ही समलिंगी जोडप्यांबरोबर काम केलंय का; ऑटिस्टिक प्रौढांबरोबर केलंय का, की फक्त मुलांबरोबर; मी डोळ्यांत न बघता बोलले तर चालेल का; सेशन विसरले तर काय होतं; आणि कधी बोलणंच सुचलं नाही तर लिहून दाखवू शकते का. उत्तर दोन दिवसांत आलं, प्रश्नांच्याच क्रमाने. त्यातला दुसरा मुद्दा मला अजून आठवतो. ऑटिस्टिक प्रौढांबरोबर चार वर्षं काम करतेय, वरिष्ठांचं मार्गदर्शन घेते, अजून बरंच शिकायचंय. पण मला शिकवण्याचं काम तुमचं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. सेशनच्या आदल्या दिवशी आणि एक तास आधी आठवणीचा मेसेज येईल, विसरणं हा तुमच्या मेंदूच्या घडणीचा भाग आहे, असंही होतं. ‘टाळाटाळ’ हा शब्द त्या दिवशी माझ्या डोक्यातून गेला.

सोबत खोलीचे फोटो होते. दार कुठे, खिडकी कुठे, पहिल्या दहा मिनिटांत काय होईल. मी ते फोटो इतक्या वेळा पाहिले की खोलीत पाऊल टाकलं तेव्हा ती ओळखीची होती.

खोलीत तीन खुर्च्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही आधी बसा, मग मी माझी जागा ठरवते.” मी खिडकीजवळची, दार दिसेल अशी घेतली. त्या तिरप्या कोनात बसल्या. वरचा दिवा हवा की कोपऱ्यातला, हे विचारलं. गोपनीयतेबद्दल सांगताना मर्यादाही सांगितल्या. जिवाला धोका असेल किंवा एखाद्या मुलाला इजा होत असेल, तर ही गोष्ट खोलीच्या बाहेर न्यावी लागेल, आणि शक्य तिथे ते आधी मला सांगून होईल. फॉर्मवर ‘तुमच्या आयुष्यातली महत्त्वाची माणसं’ असं लिहून पुढे कोऱ्या ओळी होत्या. मी तिचं नाव लिहिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “या तुमच्या जोडीदार का?” मी म्हटलं, “हो. ती.” आवाजात काही फरक नाही, भुवई वर नाही. पुढच्या प्रश्नात त्याही ‘त्या’ म्हणाल्या. एकच अक्षर, पण माझे खांदे खाली आले.

या बाई ट्रॉमा-इन्फॉर्म्ड, म्हणजे आघाताचं भान ठेवून, काम करायच्या. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड म्हणजे हळू आवाजात बोलणारे लोक, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो कामाच्या पद्धतीचा भाग निघाला. साम्हसा या अमेरिकन सरकारी संस्थेने २०१४ मध्ये याची सहा तत्त्वं मांडली. सुरक्षितता, विश्वास आणि पारदर्शकता, समदुःखींचा आधार, बरोबरीने काम करणं, माणसाचा आवाज आणि निवड, आणि संस्कृती, इतिहास, लिंगभाव यांचं भान. माझ्यासाठी त्यातली निवड सगळ्यांत जड होती. दिवा, खुर्ची, विषय, वेग. दर आठवड्याला कुणीतरी मला ‘तुम्हाला काय हवं’ विचारत होतं आणि मला खरंच माहीत नसायचं.

मला सगळं लवकर उरकायचं होतं. दुसऱ्याच सेशनला मी म्हटलं, पत्राचा प्रसंग सांगून टाकते. त्यांनी थांबवलं. जुडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा जगाशी जोडलं जाणं. टप्पे सरळ रेषेत येत नाहीत, पण पहिल्यावाचून दुसऱ्यात उडी मारली तर माणूस तोच प्रसंग पुन्हा भोगतो. “सांगायला तुम्ही तयार आहात. सांगून झाल्यावर त्या रात्री काय कराल, हे आपल्याला अजून माहीत नाही,” त्या म्हणाल्या. पहिल्या टप्प्यात आम्ही साडेचार महिने होतो. तेव्हा वेळ फुकट चाललाय असं वाटायचं. आता वाटतं, तेच खरं काम होतं.

त्या काळात आम्ही काय काय टाकून दिलं ते सांगते, कारण यातून माझ्यासारख्या कुणाचा तरी त्रास वाचेल. डोळे मिटून बसणं टाकलं. डोळे मिटले की मी त्या खुर्चीत जाते. श्वासाकडे लक्ष देणं टाकलं. लक्ष दिलं की श्वास अडतो. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्नही टाकला. भावना असतात, पण त्यांची नावं सापडत नाहीत, याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात आणि साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांमध्ये ते आढळतं. ‘शरीरात कुठे जाणवतंय?’ हा नेहमीचा पर्यायही मला लागू पडेना. भूक लागलीय की भीती वाटतेय, हेच मला पुष्कळदा कळत नाही. शेवटी रेडिओचा आवाज कामी आला. डोक्यातला आवाज शून्य ते दहांत कितीवर आहे? हे मात्र मला लगेच सांगता येतं. सातच्या वर गेला की थांबायचं. थांबून काय करायचं, तर सतराचा पाढा. सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. लहानपणी पाढे म्हणताना मी पुढेमागे डुलायचे आणि त्यासाठी ओरडा बसायचा. इथे डुलत म्हटले. त्यांनी हात मांडीवर ठेवून ऐकलं, आणि एकशे सत्तरला पोचले तेव्हा विचारलं, “आवाज कितीवर?” चारवर होता.

आणि मग नववं सेशन.

त्या दिवशी नेहमीची खोली रिकामी नव्हती. त्या दारातच भेटल्या आणि म्हणाल्या, “आज बाजूच्या खोलीत बसू या, चालेल ना?” मी म्हटलं, “चालेल.” आत ट्यूबलाइट होती आणि समोरासमोर दोन खुर्च्या. मी बसले. त्यांनी आठवडा कसा गेला विचारलं, मी सांगितलं, व्यवस्थित, हसून. पंधरा मिनिटं झाली असतील. त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही आज माझ्या डोळ्यांत बघून बोलताय.”

मी काही बोलले नाही. खरं तर बोलता येईना. जीभ जागेवर होती, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. पहिल्या मॅडमना ज्या गोष्टीवरून मी मोकळी होतेय असं वाटायचं, त्याच गोष्टीवरून या बाईंनी ओळखलं की मी तिथे नाही. त्या उठल्या, ट्यूबलाइट बंद केली, दार अर्धं उघडलं, खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, “ही माझी चूक झाली. खोली बदलल्याचं मी आधी कळवायला हवं होतं. आणि मी विचारलं तेही असं, की ‘नको’ म्हणायला जागाच उरली नाही.” कागदावर तीन ओळी लिहून तो माझ्याकडे सरकवला. बाहेर जाऊन चालू या. इथेच गप्प बसू या. आज इथे थांबू या. मी दुसऱ्या ओळीवर टिचकी मारली. बावीस मिनिटं आम्ही गप्प बसलो होतो; भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं.

मोठ्या माणसाने माझी माफी मागावी आणि मागताना स्वतःची बाजू मांडू नये, हे मी पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगायचं तर इतर सगळ्या व्यायामांपेक्षा मला त्या दिवसाचा उपयोग जास्त झाला. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या ‘ना’वर बोललो. ‘चालेल ना’, ‘बरं वाटलं ना’, ‘राग नाही ना आला’. या ‘ना’मध्ये उत्तर आधीच घातलेलं असतं आणि समोरच्याने ते फक्त उचलून परत द्यायचं असतं. ज्याला आयुष्यभर हो म्हणायची सवय लागलीय तो ते बिनबोभाट परत देतो. तेव्हापासून त्या मला ‘ना’ लावून काही विचारत नाहीत. हे की ते, असं विचारतात, आणि ‘यातलं काहीच नको’ हा पर्याय शेवटी नेहमी असतो.

मधल्या काळात त्यांनी एक गट सुचवला, सहा जणांचा, सगळे क्वीअर (लैंगिकतेच्या किंवा लिंगभावाच्या रूढ चौकटीबाहेरचे) आणि सगळे न्यूरोडायव्हर्जंट (मेंदूची घडण वेगळी असलेले). इतकी माणसं एकत्र मिळतील यावर माझा विश्वास बसला नाही. पण २०२० मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ट्रान्स आणि लिंगभावाच्या रूढ चौकटीबाहेरचे लोक ऑटिस्टिक असण्याची शक्यता इतरांच्या ३ ते ६ पट असते. गटात दोघं ट्रान्स होते. दोघांनाही कुणी ना कुणी म्हटलं होतं, की तुला ऑटिझम आहे म्हणून तुझा गोंधळ होतोय. मलाही म्हटलं गेलं होतं. याचा मला मनापासून राग येतो. मला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत म्हणून स्वतःचं प्रेमही कळत नसेल, हा निष्कर्ष काढणाऱ्याने मला एकदाही विचारलेलं नसतं. डॅमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. त्या गटात मला हे डोळ्यांनी दिसलं. एकजण बोलताना दोरी गुंडाळत होता, एकीने कानांवर हेडफोन ठेवले होते, कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं, आणि सगळ्यांचं सगळ्यांना कळत होतं.

सततची सावधगिरी शरीराला झिजवते, हेही तिथे बोलणं झालं. इलान मायर यांनी २००३ मध्ये याला अल्पसंख्याकांचा ताण म्हणून मांडलं. भेदभाव होतो तेव्हाचा त्रास, तो होईल म्हणून आधीपासूनची धास्ती, आणि लपवण्याचे कष्ट. आदरार्थी बहुवचनात घालवलेली ती सात सेशनं मला त्या तिसऱ्या रकान्यात दिसली.

पाचव्या महिन्यात त्यांनी विचारलं, “पत्राबद्दल आज बोलायचं, पुढे कधी बोलायचं, की बोलायचंच नाही?” मी रेडिओ तपासला. तीनवर होता. तयार होते खरं तर. तरी मी म्हटलं, “आज नको.”

हा शब्द मी त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारला. त्यांनी मान डोलावली, वहीत काही लिहिलं नाही, कारण विचारलं नाही. उरलेला वेळ आम्ही झोपेच्या वेळापत्रकावर घालवला. घरी आल्यावर मी जोडीदारणीला सांगितलं, आज मी नको म्हटलं. तिने विचारलं, मग काय झालं? काहीच झालं नव्हतं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मीच सुरुवात केली. खुर्ची खिडकीकडे वळवली, त्यांना बाजूला बसायला सांगितलं, शेवटची दहा मिनिटं पाढ्यांसाठी राखून ठेवायला सांगितलं. त्या तीन तासांची गोष्ट सांगायला चौदा मिनिटं लागली. मधे एकदा आवाज सातवर गेला, आम्ही थांबलो, तो पाचवर आला, मी पुढे सांगितलं. खुर्ची, पत्र, ‘वर बघ’, सगळं.

पत्र कुणाला लिहिलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. मी थोडा वेळ बाहेरच्या झाडाकडे बघत बसले आणि मग तिचं नाव सांगितलं.